ट्रिपला जातो मजा करायला आणि परत येतो भांडून, आमचं काय चुकतंय?

"मॅडम, एवढे पैसे घातले, पोरांना घेऊन गेलो, दिवसभर हसलो खेळलो, आणि येताना गाडीत अशी भांडणं झाली की दोन दिवस कोण कुणाशी बोललं नाही."

मी काउन्सेलर. सुट्ट्या संपल्या की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकायला येतंच. कधी ते गोव्याहून आलेले असतात, कधी महाबळेश्वरहून, कधी तर नुसतं पन्हाळ्यावर जाऊन आलेले असतात पण रुसवा मात्र काश्मीरएवढा. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, की आमच्या घरातच काहीतरी बिघडलंय का, बाकीच्यांचे फोटो बघा कसे हसरे असतात. (फोटोत आपणही हसरेच असतो, हे त्यावेळी कुणाच्या लक्षात येत नाही.)

तर या प्रश्नावर एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात आणि खोटी नावं देण्यापेक्षा नावंच देत नाही.

घरात चौघं आणि आजोबा. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतात ते मशीनिंग करून पुढं पाठवायचे. बाई एका पतसंस्थेत नोकरीला. थोरला नववीत, धाकटी चौथीत. आणि या अख्ख्या घराला दोन गोष्टींचा भयंकर नाद, अ‍ॅनिमेशन सिनेमे आणि थीम पार्क. रविवारी रात्री हॉलमध्ये गाद्या पडणार, परातभर भडंग, लाइट बंद, सगळे मोबाईल फ्रिजवर आणि टीव्हीवर एक अ‍ॅनिमेशन पिक्चर. मिस्टर त्यातले आवाज काढणार, धाकटी डायलॉग आधीच म्हणून टाकणार. मला ते म्हणाले, "पोरं बारकी होती तवा त्यांच्यासाठी लावायचो ओ, आता खरं सांगायचं तर माझ्यासाठीच लावतो."

फोन त्यांनीच केला होता. म्हणाले, बायकोला डिप्रेशन वगैरे आहे का जरा बघा. का, तर यंदा त्यांनी हाँगकाँगच्या डिस्नेलँडचं ठरवत आणलं होतं आणि बाईंनी सरळ सांगितलं, तुम्ही तिघं जावा, मी येत नाही. "असल्या ट्रिपला कोण नको म्हणतं का मॅडम? माणसं जीव टाकतात."

इथं एक बाजूची गोष्ट सांगून टाकते कारण ती मला नेहमी विचारतात. मोठ्या माणसांनी कार्टून बघणं हे पोरकटपणाचं लक्षण नाही. एकेका अ‍ॅनिमेशन सिनेमावर शेकडो मोठी माणसं चार-चार पाच-पाच वर्षं राबतात, आणि ती लिहितानाच आईबापांनी पण बघायचंय हे धरून लिहितात, म्हणून तर एखाद्या सीनला पोरगं खिदळत असतं आणि त्याच सीनला बापाचा घसा दाटतो. या घरातले आजोबा मात्र हे ऐकायला तयार नव्हते. ते जुने कोल्हापूरकर, बाबूराव पेंटरांच्या गावचा अभिमान असलेले, त्यांचं म्हणणं "आमच्या गावानं देशाला सिनेमा शिकवला आणि माझा पोरगा चाळिशीत बोलणारी जनावरं बघतोय." मी त्यांना सांगितलं की 1929 मध्ये कोल्हापुरातच निघालेल्या तुमच्या प्रभात कंपनीनं, 1933 ला पुण्याला गेल्यावर, पुढच्याच साली जंबूकाका नावाची कार्टून फिल्म काढली होती, म्हणजे हा नाद पण आपल्याच घरचा आहे. त्यावर ते "असंल" एवढंच म्हणाले. पटलं अजिबात नाही.

असो. पहिल्या भेटीला नवराबायको दोघं आले. मी म्हटलं मागच्या ट्रिपचा दिवस सकाळपासून सांगा, जसाच्या तसा. ट्रिप होती खोपोलीजवळच्या इमॅजिकाची. ते पार्क 2013 ला सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांना मोठी सोय झालीय, कोल्हापूरपासून सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे पहाटे निघालं की गेट उघडायला पोचता येतं. मिस्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना, कारण माणूस प्रॉडक्शनमधला. त्यांनी घरून कागद करून नेला होता, कुठली राइड किती मिनिटांची, लाइन साधारण किती, दोन राइडमधलं चालायचं अंतर, आधी मोठ्या राइड उरकायच्या, जेवण वीस मिनिटांत, संध्याकाळची परेड बघून निघायचं. कारखान्यात एकेका कामाला किती मिनिटं लागतात ते काढतात तसा सायकल टाइमच काढला होता म्हणा की. "तिकीट दिवसाचं असतंय मॅडम, एक राइड चुकली की तेवढं नुकसान."

मग बाईंना म्हटलं आता तुम्ही तोच दिवस सांगा.

त्या आदल्या रात्री बारापर्यंत जाग्या होत्या, सगळ्यांच्या बॅगा, बदलायचे कपडे, औषधं, आजोबांचा दोन दिवसांचा डबा शेजारी सांगून ठेवणं. तीनला उठून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, वाटेत खायला. साताऱ्यापर्यंत हायवेच्या सहापदरीकरणाचं काम चालू, त्यामुळं गाडी कधी या बाजूनं कधी त्या बाजूनं, त्यात त्यांना गाडी लागते. पार्कात पोचल्यावर पहिल्याच मोठ्या रोलर कोस्टरला तिघं आत गेले आणि या खाली बाकावर, मांडीवर तिघांचे मोबाईल, दोघांचे चष्मे, पाकीट, टोप्या, धाकटीचं जाकीट, पायाशी सॅक. ते बाहेर आले, पुढची राइड, पुढचा बाक. दुपारी ऊन चढलं. तरी मध्येच मिस्टर म्हणणार, "अगं बस की एकदा, तिकीट तुझं पण काढलंय." एकदा बसल्या, उतरल्यावर उलटी झाली, तर थोरला म्हणाला आई काय भित्री आहे. संध्याकाळी परेडला त्यांना जागा मिळाली ती पोराटोरांच्या डोक्यांमागं. आणि परतीच्या वाटेवर पुणे सोडल्यावर मिस्टरांनी सहज विचारलं, "मग, कशी झाली ट्रिप?" त्यावर बाई जे बोलायला लागल्या ते कराड आलं तरी थांबेनात.

"आणि हे म्हणतात मला डिप्रेशन आलंय," असं म्हणून त्या गप्प बसल्या.

मिस्टर वाईट माणूस नाही हो. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या डोक्यात आपण घराला वर्षातला सगळ्यात भारी दिवस देतोय असं होतं, आणि ते देत पण होते, तिघांना. बोलता बोलता विषय हलका करायला म्हणून ते मला डिस्नेलँडची माहिती सांगायला लागले, या विषयात माणूस चालताबोलता कोश आहे. म्हणाले, मॅडम तुम्हाला माहितीय का हे सुरू कसं झालं, वॉल्ट डिस्ने आपल्या दोन पोरींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला न्यायचा, पोरी वर फिरायच्या आणि हा खाली बाकावर शेंगदाणे खात बसायचा, तेव्हा त्याला वाटलं की आईबाप आणि पोरं एकत्र मजा करतील असं काहीतरी पाहिजे, आणि त्यातनं 1955 च्या 17 जुलैला डिस्नेलँड उघडलं.

बाई इतका वेळ पर्सचा बंद फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाकावर बसून कंटाळलेल्या माणसासाठी त्यांनी पार्क काढलं. आणि तुम्ही मला पार्कात नेऊन बाकावर बसवता."

मिस्टर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, काही बोलायची गरजच नव्हती. नंतर उठताना ते एवढंच म्हणाले, की उद्घाटनाच्या दिवशी तिथं पण लई घोळ झाला होता, कडक ऊन, खोट्या तिकिटांची गर्दी, प्लंबरच्या संपामुळं प्यायच्या पाण्याचे नळ बंद, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. मला वाटतं ही त्यांची माफी मागायची पद्धत असावी.

पुढच्या वेळी मुलांना पण बोलावलं. मुलांशी भावनांबद्दल बोलायचं म्हणजे अवघड काम, पण या घरासाठी माझ्याकडं एक सोपी वाट होती. 2015 चा इनसाइड आऊट यांनी पाठ होईपर्यंत बघितलेला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, एका अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एक कंट्रोल रूम आहे आणि आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशी पाच पात्रं तिथली बटणं दाबत असतात. तो करताना डॅकर केल्टनर आणि पॉल एकमन या भावनांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता, म्हणून आमच्या क्षेत्रात पण तो बराच वापरतात. मी प्रत्येकाला एकेक कागद दिला आणि म्हटलं ट्रिपच्या दिवशी दुपारी दोन वाजता तुमच्या डोक्यात बटणावर कोण होतं ते काढा.

थोरल्यानं किळस काढली, उन्हात घामाची लाइन, म्हणून. मिस्टरांनी आनंद काढला, पण खाली बारीक अक्षरात लिहिलं "आणि भीती, वेळ पुरंल का याची". बाईंनी कागद कोराच ठेवला. आणि धाकटीनं आपल्या डोक्यातलं काढायच्या ऐवजी एक गोल काढला आणि त्यात आईला उभं केलं.

म्हटलं हे काय गं?

"ते नाही का, जॉय सॅडनेसला खडूनं सर्कल काढून देते आणि सांगते तू यातच उभी राहायचीस, कशाला हात लावायचा नाहीस. बाबा ट्रिपला तसंच करतात. तोंड पाडायचं नाही, तोंड पाडायचं नाही, असं सारखं म्हणतात."

ज्यांना सिनेमा माहितीय त्यांना माहितीच असेल, तिथं सगळा घोटाळा त्या खडूच्या गोलापासूनच वाढत जातो. या घरात पण तेच चाललं होतं. मजेच्या दिवशी कुणी दमलंय, कुणाला मळमळतंय, कुणाला घरी जावंसं वाटतंय, हे बोलायला बंदी. म्हणजे लेखी नव्हती, पण "मूड घालवू नको" हे वाक्य असं काही वापरलं जायचं की माणूस गप्प बसायचा. आणि दिवसभर गप्प बसलेला माणूस रात्री कराडजवळ बोलतो. ट्रिपवरून भांडून येणाऱ्या घरांत मला सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. भांडण ट्रिपमुळं होत नाही, दिवसभर कुणालातरी नाराज व्हायला परवानगी नसते म्हणून होतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा घरची बाई असतो.

अजून एक गोष्ट त्या दिवशी निघाली जी मिस्टरांना सगळ्यात जास्त लागली. त्यांची समजूत अशी की बायकोला मुळात या सगळ्याची आवड नाही, आपल्यासाठी करते. तर उलटंच होतं. बाईंना अ‍ॅनिमेशन सिनेमे मनापासून आवडतात, कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त, आणि त्या रडतात. अगदी डोळे सुजेपर्यंत रडतात. एकदा थिएटरात त्या रडत असताना थोरल्यानं व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, नणंदा, जावा, सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, मिस्टरांनी पण टाकली. तेव्हापासून त्या रविवारी भडंगाला फोडणी देऊन स्वयंपाकघरात भांडी घासत बसायच्या आणि दारातनं बघायच्या. घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोरला ते ऐकून खाली मान घालून बसला, मग म्हणाला, "डिलिट करतो." मी म्हटलं डिलिट कर, आणि आईला तोंडानं पण सांग. त्यानं घरी जाऊन सांगितलं म्हणे, माझ्यासमोर नाही, ते बरंच झालं.

आता उपाय काय केले ते सांगते, पण हे असं औषध म्हणून सरसकट घेऊ नका, तुमच्या घराचं गणित वेगळं असेल.

पहिलं म्हणजे बाईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ज्यांना गाडी लागते, पाळण्यात गरगरतं, त्यांना लोक भित्रं म्हणून मोकळे होतात. पण कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, त्या गोंधळात मळमळ होते, आणि हा त्रास बायकांमध्ये आणि लहान मुलांमध्ये जास्त दिसतो. यात धाडसाचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी बाकी काही नाही सांगितलं, प्रवासाआधी घ्यायची गोळी दिली आणि गरगर फिरणाऱ्या राइड बंद. बीपी, हार्ट, मणक्याचा त्रास, गरोदरपण यात तर बसूच नका, पार्कात राइडच्या तोंडाशी बोर्ड लावलेलेच असतात, आपण ते वाचत नाही एवढंच.

मग तो कागद. मिस्टरांना मी म्हटलं कागद टाकू नका, प्लॅनिंग ही तुमची ताकद आहे, पण आता त्यात माणसं घाला. प्रत्येकानं दिवसातल्या दोनच गोष्टी सांगायच्या ज्या झाल्याच पाहिजेत, बाकी मिळाल्या तर मिळाल्या. सामान लॉकरमध्ये, मोठ्या पार्कात लॉकर मिळतात, त्याचे पैसे द्यायला जीवावर येतं खरं, पण एका माणसाला हमाल करण्यापेक्षा स्वस्त पडतं. दुपारी एक-दोन तास सावलीत, कुणी काही करायचं नाही. आणि दिवसात थोडा वेळ मुद्दाम वेगळं व्हायचं, थोरला आणि बाप मोठ्या राइडला, माय-लेकी हळू चालणाऱ्या राइडला किंवा शोला. हे वेगळं होणं मिस्टरांना फार जड गेलं. "मग एकत्र जायचं कशाला?" असं ते चार वेळा म्हणाले. एकत्र जायचं म्हणजे चोवीस तास एकमेकाला दोरीनं बांधून घ्यायचं नव्हे हे पटायला वेळ लागतो, आपल्याकडं जरा जास्तच लागतो.

अजून एक, आणि हे मी सगळ्यांनाच सांगते. पार्क बंद व्हायच्या आधी तासभर निघा. डॅनियल कानमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, त्यांनी दाखवून दिलं की एखादा अनुभव आपल्याला आठवतो तो त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून, तो किती वेळ चालला याला आठवणीत फारशी किंमत नसते. म्हणजे बारा तासांतले अकरा तास छान आणि शेवटचा तास उपाशी, दमलेला, चिडलेला, तर घरी न्यायला तो शेवटचा तासच उरतो. शेवटची राइड सोडून देऊन निवांत गरम जेवण केलं तर तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत, उलट वाचतात. मिस्टर म्हणाले, "हे मात्र कळलं. मशीन पण शेवटच्या तासात ओढलं की रिजेक्शन वाढतंय."

थोरल्याचा विषय वेगळाच होता. तो रविवारच्या पिक्चरला हल्ली यायचा नाही, आपल्या खोलीत मोबाईलवर जपानी अ‍ॅनिमे बघायचा, आणि बापाला वाटायचं पोरगं हातातनं चाललं. चौदा वर्षांचं पोरगं आईबापाच्या गादीवरनं उठून आपल्या खोलीत जाणारच, नाही गेलं तर मला काळजी वाटेल. पण बापाचं म्हणणं होतं की "ते खरं अ‍ॅनिमेशन नाही," आणि पोरगं म्हणायचं "तुमचं बाळबोध आहे." म्हणजे दोघं एकाच देवळातले दोन पुजारी. ठरलं असं की महिन्यातला एक रविवार त्याचा, तो लावेल ते सगळ्यांनी बघायचं आणि बापानं मध्ये बोलायचं नाही. फक्त एक अट, आधी सर्टिफिकेट बघायचं. चित्रं काढलेली आहेत म्हणजे लहान मुलांचंच असणार ही फार मोठी फसगत आहे, अ‍ॅनिमेमध्ये मोठ्यांसाठीचं पुष्कळ असतं. ओटीटीवर 2021 च्या नियमांपासून यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए असे गट लिहिलेले असतात, थिएटरच्या सिनेमांना पण आता तसेच वयाचे गट आलेत. चौथीतली पोर शेजारी बसलीय तर 16+ लावायचं नाही, एवढं साधं आहे ते.

दिवाळीत ते बंगळूरला गेले, बिडदीच्या वंडरला पार्कला. आपल्या दारातनंच जाणारा हायवे, लांब आहे पण सरळ. पहाटेची धावपळ टाळून आदल्या दिवशीच जाऊन राहिले. आल्यावर भेटायला आले तेव्हा मी विचारलं भांडण झालं का? झालं की, जाताना हुबळीच्या पुढं, पेट्रोल कुठं भरायचं यावरून. पण अर्ध्या तासात संपलं म्हणे. बाईंनी दिवसभरात दोनच राइड केल्या, त्यातली एक गोल फिरणाऱ्या घोड्यांची, धाकटीबरोबर, बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर. दुपारी मिस्टरांनी त्यांना सावलीत बसवलं आणि स्वतः पण बसायचा प्रयत्न केला, दहा मिनिटांत पाय हलायला लागले, तर बाईच म्हणाल्या, "जावा ओ तुम्ही, मला जरा गप बसू द्या." हे सांगताना दोघं हसत होते. थोरल्यानं सामान लॉकरात ठेवायचं काम घेतलं आणि किल्ली हरवली, दंड भरला, तो त्याच्या पॉकेटमनीतनं चाललाय.

तुमच्या घरात पण असं होत असेल तर लगेच काउन्सेलरकडं पळायची गरज नाही. ट्रिपचा दिवस प्रत्येकाकडनं वेगवेगळा ऐका, मध्ये न बोलता, आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडनं आधी ऐका. कर्ज काढून ट्रिपा होत असतील, भांडणात हात उगारला जात असेल, मूल बाहेर जायच्या नावानं रडायला लागत असेल, किंवा घरचं कुणी ट्रिपच काय पण रोजच्या आवडीच्या गोष्टी पण सोडून देत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर मात्र या, थांबू नका. या बाईंचं तसं काही नव्हतं. झोप चांगली, कामावर हसतखेळत, मैत्रिणींबरोबर रंकाळ्याला रोजची चक्कर. फक्त एका गोष्टीला नाही म्हणाल्या होत्या.

आजोबांचं म्हणाल तर त्यांची तक्रार कार्टूनची कमी आणि दोन दोन दिवस शेजारच्यांच्या डब्यावर राहायची जास्त होती, ते मिस्टरांना मी सांगितलं. आता ट्रिपच्या दिवसांत पुण्याची लेक येऊन राहते. कार्टूनबद्दलचं मत आहे तसंच आहे. थोरल्याच्या रविवारी ते हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि शेवटपर्यंत बसून मग सांगतात, काय कळलं नाही.

हाँगकाँग अजून व्हायचंय. पुष्कळ लोक सिंगापूरच्या डिस्नेलँडला जायचंय म्हणतात, तर सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओज आहे, डिस्नेलँड नाही, आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे हाँगकाँगचं, 2005 पासूनचं. खर्चाचा आकडा काढला तेव्हा तो कर्जाशिवाय बसेना, म्हणून आरडी सुरू केलीय, बाईंच्याच पतसंस्थेत, आणि दोन वर्षांनी जायचं ठरवलंय. बाई येणार आहेत. फक्त त्यांनी सांगितलंय की आधी माझा पासपोर्ट काढा, कारण मागच्या वेळी ठरवताना तिघांचे फॉर्म भरून झाले होते आणि माझाच राहिला होता.